कारेल चापेक यांची 'वॉर विथ द न्यूट्स' : मधल्या भागाबद्दल तुमचे मत काय?

पानखूण

नमस्कार. कारेल चापेक यांची 'वॉर विथ द न्यूट्स' ही चेक कादंबरी आमच्या वाचनगटातल्या सहा जणांनी नुकतीच इंग्रजी अनुवादातून वाचली. बोलायला बसलो तेव्हा आपण सगळ्यांनी एकच पुस्तक वाचले आहे ना, अशी शंका यावी इतकी मते वेगळी निघाली. पुढच्या मजकुरात कादंबरीचा शेवटही उघड होणार आहे, म्हणून ज्यांना ती कोरी वाचायची असेल त्यांनी इथेच थांबावे.

ज्यांना कथा आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सुमात्राजवळच्या एका बेटावर व्हान टॉख नावाच्या म्हाताऱ्या चेक कप्तानाला दहा वर्षांच्या मुलाएवढे उंच, मागच्या दोन पायांवर चालणारे आणि शिकवले तर बोलू शकणारे न्यूट, म्हणजे सॅलॅमँडरच्या कुळातले सरड्यासारखे दिसणारे उभयचर प्राणी, सापडतात. शार्क त्यांचा फडशा पाडतात हे पाहून कप्तान त्यांना सुऱ्या देतो आणि ते त्याला शिंपले उघडून मोती काढून देऊ लागतात. कप्तान वारल्यावर त्याचा भांडवलदार भागीदार बॉण्डी मोत्यांचा धंदा बाजूला सारतो आणि न्यूटांनाच मजूर म्हणून जगभर विकायला काढतो. पाण्याखालची सगळी बांधकामे त्यांच्याकडे जातात. देशोदेशीची सरकारे त्यांना आधी अवजारे आणि मग शस्त्रे पुरवतात. त्यांची संख्या माणसांच्या कितीतरी पट होते, उथळ पाण्याचे किनारे अपुरे पडू लागतात आणि न्यूट खंडांचे काठ फोडून जमीन बुडवायला सुरुवात करतात.

आमच्यातल्या एकाला पहिला भाग इतका आवडला की त्याने तो घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवला. त्याच माणसाने दुसऱ्या भागात पुस्तक मिटले ते पुन्हा उघडले नाही. एकीच्या मते ही कादंबरी म्हणजे एका संपूर्ण काळावर ठेवलेले आरोपपत्र आहे. आणखी एकाला शेवटच्या प्रकरणात लेखकाने अंग काढून घेतले असे वाटले. माझी अडचण मधल्या भागाची आहे. कप्तान, पत्रकार, बोटीवरची श्रीमंत मुले अशी माणसे पहिल्या भागात मोठ्या ममतेने रंगवून झाल्यावर चापेक त्यांना जवळजवळ सोडूनच देतात आणि पुढे अहवाल, सभेचे वृत्तान्त, वर्तमानपत्रांतली कात्रणे आणि पानेच्या पाने चालणाऱ्या तळटिपा यांचा डोंगर समोर उभा राहतो. मी तो नेटाने चढले, पण आनंद झाला असे म्हणता येणार नाही. हा भाग तुम्ही कसा वाचलात? तिथे उपरोध चांगलाच मुरला आहे, की त्याच्याच वजनाखाली तो दबला आहे?

जुनी प्रत

मी ही कादंबरी तीन वेळा वाचली आहे आणि माझ्या दृष्टीने मधला भाग हाच तिचा प्राण आहे. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तो भाग कोणाच्या हातून आपल्यापर्यंत येतो ते आधी पाहावे. बॉण्डीच्या बंगल्यावरचा दरवान पोवोंड्रा याने पहिल्या भागात कप्तानाला आत सोडलेले असते. या प्रचंड घडामोडीत आपलाही हात आहे या अभिमानापोटी तो न्यूटांविषयी छापून आलेले जे दिसेल ते कापून जपून ठेवतो. कोणत्या वर्तमानपत्रातले, कोणत्या तारखेचे, याची त्याने नोंदच ठेवलेली नसते. काही कात्रणे तर त्याला वाचता न येणाऱ्या भाषांतली असतात. त्याची बायको घर आवरताना त्यातली मूठमूठ कात्रणे गुपचूप चुलीत घालत असते. म्हणजे एका जगबुडीचा इतिहास आपण ज्या कागदांवरून वाचतो, ते अर्धवट, बिनतारखेचे आणि जळण्यातून वाचलेले कागद आहेत. हे रचनेचे कौतुक म्हणून मी सांगत नाही. मोठी संकटे सामान्य माणसाच्या घरात अशीच येतात, चहाच्या वेळी चाळलेल्या एका बातमीतून आणि तिच्या शेजारच्या जाहिरातीतून. चापेक स्वतः वर्तमानपत्रात काम करणारे लेखक होते आणि ही कादंबरीही १९३५-३६ मध्ये 'लिडोव्हे नोव्हिनी' या दैनिकातून आधी क्रमशः छापून आली होती. पुस्तक १९३६ मध्ये निघाले. त्या वाचकांनी न्यूटांच्या खोट्या बातम्या खऱ्या बातम्यांच्या शेजारीच वाचल्या, हे लक्षात घेतले की मधल्या भागाचे रूप एकदम वेगळे दिसू लागते.

आता एकच उदाहरण जवळून पाहू. न्यूटांच्या व्यापाराची माहिती देणाऱ्या प्रकरणात बाजारातले दर सांगताना मालाची प्रतवारी येते. मुकादमी करण्याइतके हुशार न्यूट सर्वांत महाग, त्याखाली अवजड कामांचे, मग टोळीने विकले जाणारे साधे मजूर, मग किरकोळ कामांचे, त्यानंतर ज्यांना नावच 'कचरा' असे दिले आहे ते, आणि सर्वांत शेवटी शेकड्याने विकली जाणारी पिल्ले. संपूर्ण मजकुरात एकही कठोर शब्द नाही. निवेदक कुठे हळहळत नाही की रागावत नाही. व्यापारी पत्रकाची भाषा जशीच्या तशी ठेवली आहे आणि गुलामांच्या बाजारावर लिहिलेल्या कितीतरी आवेशपूर्ण पानांपेक्षा ती अर्धी पाने मला अधिक जड गेली. हेच दृश्य एखाद्या पात्राच्या तोंडून आले असते तर आपण त्या पात्राचा राग करून मोकळे झालो असतो. इथे राग धरायला माणूसच ठेवलेला नाही.

न्यूटांच्या शास्त्रीय नावामागची हकिकतही सांगायला हवी. योहान याकोब शॉइख्त्सर या स्विस विद्वानाला सापडलेला एक सांगाडा नोहाच्या काळच्या महापुरात बुडून मेलेल्या पापी माणसाचा आहे, असे त्यांनी १७२६ मध्ये जाहीर केले होते. पुढे १८११ मध्ये जॉर्ज क्युव्हिए यांनी त्या जीवाश्माभोवतीचा दगड कोरून पुढचे पाय मोकळे केले आणि तो एका प्रचंड सॅलॅमँडरचा असल्याचे दाखवून दिले. त्या सॅलॅमँडरचेच शास्त्रीय नाव चापेक यांनी आपल्या न्यूटांना दिले. एका सॅलॅमँडरला माणूस समजण्याची ही जुनी चूक त्यांनी किती खोलवर वापरली आहे पाहा. कादंबरीभर सगळे विद्वान न्यूट माणूस आहे की नाही याचाच काथ्याकूट करत राहतात आणि आपण माणसासारखे वागतो आहोत का, हा प्रश्न कोणाच्याही विषयपत्रिकेवर येत नाही.

किनारा

पानखूण, हे पुस्तक हसत वाचणाऱ्यांविषयी मला काही म्हणायचे नाही, पण मी या पुस्तकावर हसू शकले नाही.

मी वाचताना ज्या ठिकाणी थांबले ती एक तळटीपच होती. न्यूटांचे मांस खाण्याजोगे आहे का, याचे प्रयोग चालू असतात. ते विषारी असल्याचे आधी ठरते आणि मग विशिष्ट पद्धतीने शिजवले तर चालते असे आढळते. शेवटी प्रयोगशाळेतलेच लोक हान्स नावाच्या न्यूटला शिजवून खातात. तो शिकलेला असतो, शास्त्राची आवड असलेला असतो आणि त्याच प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून नाजूक कामेही करत असतो. हे सगळे त्याच्याविषयीच्या आदराने लिहिलेले आहे. ती टीप वाचून मी पुस्तक उलटे ठेवले आणि बराच वेळ तशीच बसून राहिले. इथे हसणे अपेक्षित आहे हे मला समजते. परंतु ज्या काळात हे लिहिले गेले त्यानंतर अवघ्या काही वर्षांत माणसांवर जे प्रयोग झाले, ते ठाऊक असलेल्या वाचकाला ही टीप १९३६ च्या वाचकासारखी वाचता येणे शक्य नाही. हा लेखकाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. पुस्तकातला विनोद तेवढाच राहिला आणि भोवतीचे जग बदलले, एवढेच मला सांगायचे आहे.

अक्षरओळ

माझे मत बरेच प्रतिकूल आहे आणि ते पूर्ण विचाराअंती झालेले आहे.

पहिली हरकत पात्रांविषयी. आलिशान बोटीवरून आलेल्या तरुण मंडळींचे प्रकरण घ्या. चित्रपटातली नटी होण्याची स्वप्ने पाहणारी ली ही मुलगी तिथे निव्वळ पोकळ आणि मठ्ठ दाखवली आहे. तिच्याशेजारी पुरुष पात्रेही उथळच आहेत हे मान्य, पण त्यांना निदान स्वतःचे विचार आहेत. संपूर्ण कादंबरीत लक्षात राहावी अशी स्त्री जवळजवळ नाही, पोवोंड्राची बायको सोडली तर. बेटांवरच्या लोकांविषयी आणि ज्यूंविषयी कप्तान ज्या भाषेत बोलतो ती त्या पात्राची भाषा आहे, असा खुलासा नेहमी केला जातो. कप्तानापुरता तो मला पटतो. पण निवेदनही बेटावरच्या लोकांकडे पाहताना त्याच ठशांना हात घालते, आणि ज्या पुस्तकाचा विषयच दुसऱ्याला हलके लेखण्याची खोड हा आहे, त्यात ही गोष्ट अधिक खुपते.

दुसरी हरकत अधिक मोठी आहे. न्यूटांचा सर्वोच्च नेता मुळात न्यूट नसून माणूस आहे, पहिल्या महायुद्धातला एक सार्जंट मेजर आहे, हे शेवटच्या प्रकरणात एका ओळीत सांगून टाकले आहे. माझ्या मते या ओळीने कादंबरीचे नुकसान झाले. तोपर्यंत सगळ्या व्यवस्थेवर, व्यापारावर, विद्वत्तेवर, राष्ट्राभिमानावर बोट ठेवत आलेला लेखक अचानक एका माणसाकडे बोट दाखवतो, आणि वाचकाला 'अच्छा, म्हणजे हा तर हिटलर' असे म्हणून सुटकेचा निःश्वास टाकता येतो. इतक्या दूरवर आणल्यावर वाचकाला अशी पळवाट देऊ नये.

समुद्रफेस

मी मुख्यतः विज्ञानकथा वाचतो, त्यामुळे माझी निराशा वेगळ्या प्रकारची होती. एवढ्या संख्येने वाढलेला प्राणी समुद्रात नेमके काय खाऊन जगतो, किनारे कोसळवण्याएवढी स्फोटके पाण्याखाली कशी हाताळतो, याचा विचार जेमतेम आहे. न्यूटांना कळसूत्री बाहुल्यांसारखे वागवले आहे असे मला वाटले. कथा रंजक आहे, पण विज्ञानकथा म्हणून तिची शिफारस मी करणार नाही.

जुनी प्रत

समुद्रफेस, जीवशास्त्राच्या बाबतीत तुमचे म्हणणे रास्त आहे आणि त्यावर मी वाद घालणार नाही. फक्त एवढेच सुचवतो की या कादंबरीत गृहीतक जीवशास्त्राचे असले तरी त्याचे परिणाम अर्थशास्त्राच्या काटेकोरपणाने पुढे नेलेले आहेत. एक स्वस्त, निमूट, झपाट्याने वाढणारा मजूर वर्ग मिळाला तर आधी कोणता कारखाना उभा राहील, कोणता कामगार संघ काय ठराव करेल, कोणता देश शेजाऱ्याच्या आधी त्यांना तोफा देईल, याची साखळी कुठेही तुटत नाही. त्या अर्थाने मला ती फार शिस्तीची विज्ञानकथा वाटते.

दीपस्तंभ

अक्षरओळ यांच्या दुसऱ्या हरकतीविषयी लिहितो. त्या ओळीबाबत माझेही मन बरेच दिवस दुभंगलेले होते, पण शेवटी मी उलट बाजूला आलो.

ही कादंबरी केवळ नाझी जर्मनीवर लिहिलेली आहे असे मानले तर तिचा फार मोठा भाग हातातून निसटतो. जर्मनीचा समाचार तीत आहेच. बाल्टिक समुद्रातला न्यूट हाच गोरा, ताठ चालीचा आणि म्हणून श्रेष्ठ वंशाचा, असा शोध लावणारा जर्मन संशोधक विसरणे अवघड आहे. पण त्याच पुस्तकात न्यूटांना झुंडीने जिवंत जाळणारे अमेरिकी लोक आहेत, इंग्लिश खाडीत आपापले न्यूट एकमेकांवर सोडणारे ब्रिटिश आणि फ्रेंच आहेत. समुद्रापासून दूर, डोंगरांतल्या फादुझ गावी भरलेल्या परिषदेत युरोपचे किनारे वाचावेत म्हणून चीनचा मध्यभाग न्यूटांना देऊ करणारे सभ्य मुत्सद्दी आहेत. न्यूटांची बाजू मांडायला तिथे जे येतात तेही माणसांतलेच वकील. आणि आपल्या देशालाही चापेक वगळत नाहीत. गॅलापागोस बेटांवर फिरायला गेलेल्या चेक जोडप्याला एक न्यूट भेटतो, जो पुस्तकावरून चेक भाषा शिकलेला असतो. तो त्यांना चेक लोकांनी स्वातंत्र्य गमावले त्या व्हाइट माउंटनच्या लढाईविषयी आणि तीनशे वर्षांच्या पारतंत्र्याविषयी मोठ्या आत्मीयतेने प्रश्न विचारतो, आणि ते जोडपे सद्गदित होते. आपल्या दुःखाविषयी कोणी विचारले की समोर कोण आहे हे आपण विसरतो, हे त्यांनी स्वतःच्या माणसांविषयी लिहिले. याला धैर्य लागते.

म्हणून तो सार्जंट मेजर मला पळवाट वाटत नाही. त्याच प्रकरणात त्याच्या आधी लेखक स्वतःशी वाद घालताना हे कोणी केले, असे विचारतो, आणि उत्तरात कारखाने, बँका, सरकारे, म्हणजे जवळपास आपण सगळेच येतो. इतके झाल्यावर सर्वोच्च नेताही माणूसच निघतो, तेव्हा न्यूटांवर ढकलण्यासारखे शेवटचे कारणही उरत नाही. दोष एका माणसावर आला असे अक्षरओळ यांना वाटते, तर दोष पुन्हा माणसांकडेच परत आला असे मला वाटते. ओळ तीच आहे, आणि आपण दोघेही ती प्रामाणिकपणे वाचतो आहोत.

किनारा यांनी काळाविषयी जे लिहिले आहे त्याला एक जोड देतो. चेकोस्लोव्हाकियाचा सीमाभाग हिटलरला देणाऱ्या म्युनिक करारानंतर तीनच महिन्यांत, २५ डिसेंबर १९३८ रोजी, चापेक वारले. त्यांचे वय अवघे ४८ होते. पुढच्या मार्चमध्ये जर्मन सैन्य प्राग शहरात शिरले आणि गेस्टापो त्यांना अटक करायला घरी गेली, तेव्हा ते हयातच नव्हते. त्यांचे थोरले बंधू, चित्रकार योसेफ चापेक, ज्यांनी 'रोबॉट' हा शब्द सुचवला, ते १९४५ मध्ये बर्गेन-बेल्सेनच्या छळछावणीत मृत्यू पावले. मी हे चरित्र दुसऱ्या वाचनाच्या आधी वाचले होते आणि मला वाटते की ते नंतर वाचले असते तर बरे झाले असते. प्रत्येक पानावर पुढचे भविष्य शोधायची सवय लागते आणि मग पत्रकारांच्या कार्यालयातला तो निर्मळ विनोद, बातम्यांचा दुष्काळ पडलेल्या दिवसांत कप्तानाच्या शोधात निघालेले ते दोघे, यांच्याकडे नीट लक्षच जात नाही.

पानखूण

सर्वांचे मनापासून आभार. जुनी प्रत यांचे पहिले उत्तर वाचून मी दुसरा भाग पुन्हा काढला. या वेळी आधी फक्त मुख्य मजकूर सलग वाचला आणि मग मागे येऊन तळटिपा वेगळ्या वाचल्या. हा बदल साधा आहे, पण वाचताना सारखी लागणारी ठेच गेली.

लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या बोलणाऱ्या न्यूटचे प्रकरण माझ्याकडून पहिल्या वेळी भरभर वाचले गेले होते. रखवालदाराच्या सोबतीने तो वर्तमानपत्र वाचायला शिकतो. शास्त्रज्ञांचे मंडळ त्याला प्रश्न विचारते आणि तो मथळ्यांतली व जाहिरातींतली वाक्ये उत्तर म्हणून देत राहतो. त्याची बुद्धी आजच्या सर्वसाधारण माणसापेक्षा कोणत्याही बाबतीत अधिक नाही, म्हणून तिचे फार कौतुक करण्याचे कारण नाही, असा निष्कर्ष ते मंडळ नोंदवते. पुढे प्रेक्षकांनी टाकलेला खाऊ खाऊन तो मरतो. पहिल्या वेळी मी या निष्कर्षावर हसून पुढे गेले होते. या वेळी त्याने दिलेली उत्तरे एकेक करून वाचली आणि त्यांतली दोन-तीन मीही याच आठवड्यात कोणालातरी, जवळजवळ त्याच शब्दांत, दिलेली आहेत हे ध्यानात आले.

तरीही माझी मूळ तक्रार मी पूर्णपणे मागे घेत नाही. ममतेने उभी केलेली माणसे सोडून दिल्याचे दुःख दुसऱ्या वाचनातही राहिले आणि कात्रणांतली काही आज केवळ इतिहासाच्या अभ्यासकालाच भिडतील अशी आहेत. अक्षरओळ यांनी लीविषयी जे म्हटले आहे ते मला शब्दशः मान्य आहे.

किनारा, हान्सची टीप मी गटात मोठ्याने वाचली. पहिला भाग घरी वाचून दाखवणाऱ्या आमच्या मित्राने ती शेवटपर्यंत ऐकली, काही न बोलता पुस्तक माझ्याकडून मागून घेतले आणि घरी नेले. तो आता शेवटाच्या आधीच्या प्रकरणापर्यंत पोहोचला आहे. म्हातारा पोवोंड्रा मुलासोबत व्हल्टावा नदीवर गळ टाकून बसलेला असतो आणि समुद्रापासून इतक्या दूर, प्रागच्या पाण्यात, एक काळे डोके वर येते. तो घरी येऊन अंथरूण धरतो आणि कप्तानाला आपणच आत सोडले, हे सगळे आपल्यामुळे झाले, असे म्हणत राहतो. मित्राने काल रात्री फोन करून मला एवढेच विचारले, की त्या दिवशी पोवोंड्राने दार उघडले नसते तर बॉण्डीला न्यूट सापडलेच नसते का. मला उत्तर देता आले नाही. दीपस्तंभ, तुम्हाला काय वाटते?

दीपस्तंभ

मला वाटते, सापडले असते. कोणीतरी दुसऱ्या कोणत्यातरी दाराने ते आणलेच असते, आणि मोती पाहिल्यावर बॉण्डीने तेच केले असते. पण ज्याने पैसा गुंतवला, ज्याने शस्त्रे विकली, ज्याने परिषदेत चीन देऊ केला, त्यांच्यातला एकही जण अंथरुणाला खिळून असे म्हणत नाही. ते म्हणणारा कादंबरीत एकटा दरवान आहे, हे तुमच्या मित्राला अवश्य सांगा.